विकलेली फटफटी



वसंतातल्या व्याख्यानमालेत मी फटफटीवर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "का हो, वेदान्त संपला वाटते?" वेदान्त काही संपलेला नाही. पण आसक्ती आणि त्याग ह्या विषयावर ज्यांस काही ऐकावयाचे असेल त्यांनी पन्नाशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाला त्याने विकलेल्या मोटारसायकलीविषयी एकदा विचारून पाहावे. घर विकले, गावाकडची जमीन विकली, हे तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. फटफटीचे निघाले की चहा निवतो. गाडीचा नंबर त्याला अजून पाठ असतो आणि बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र तिलाच विचारावी लागते.

ह्या विषयाकडे मी वळलो त्याला निमित्त झाले. गेल्या वर्षी असेच एक व्याख्यान आटोपल्यावर एक बाई भेटावयास आल्या. यजमान जाऊन दोन वर्षे झालेली. जिन्याखाली त्यांची जुनी जावा उभी. मुलगा म्हणतो देऊन टाक, दीर म्हणतात असू द्या. "तुम्ही सांगा, विकली तर पुढे पस्तावा होईल का?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आजचे बोलणे ही त्या उत्तराची भरपाई समजा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. लोक जिच्यासाठी हळहळतात ती गाडी उत्तम असतेच असे नाही. उलट पुष्कळदा ती चांगलीच त्रासदायक असते. आपल्याकडे ज्यांची नावे ह्या संदर्भात हटकून निघतात त्या गाड्या बघा: जावा आणि येझदी, जुनी बुलेट, यामाहाची आर एक्स १००, आणि राजदूत ३५०.

जावा मूळची प्रागची. यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर ह्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून १९२९ साली 'जावा' हे नाव केले. इंडोनेशियातल्या बेटाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी ह्यांनी म्हैसूरला १९६० साली आयडियल जावा हा कारखाना काढला. पुढे तिथल्याच गाडीला येझदी हे नाव मिळाले. इराणातल्या यझ्द शहराची ही आठवण. ज्यांनी ती गाडी चालविली आहे त्यांना तिचा गियरचा दांडा आठवत असेल. तोच आत दाबून वर फिरवला की किक होई आणि लाथ मारून झाली की पुन्हा गियर होई. एकच सिलिंडर, पण धूर सोडावयाला नळकांडी दोन. पहिल्या जावांची किल्ली म्हणजे एक जाडसर पिन.

बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. त्याच्या आगेमागे आपल्या लष्कराने आठशे बुलेटांची मागणी नोंदविली होती, त्यामुळे तिचे पाय इथे रोवले गेले. ती सुरू करणे हा एक विधीच होता. डिकॉम्प्रेसरची कळ दाबावयाची, अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणावयाचा, कळ सोडावयाची आणि मग सगळे वजन घालून किक. अंदाज चुकला तर किक उलटे आणि पोटरीवर निळा डाग उमटे. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दुसऱ्या कोणत्याही गाडीवर बसलेल्या माणसाने हिच्यावर बसताच गियरऐवजी ब्रेक दाबावा, अशी तिची रचना. मूळची इंग्रज कंपनी १९७० साली बंद पडली आणि तिची ही मुलगी मात्र मद्रासला नांदत राहिली. तो जुना बिडाचा इंजिनचा नमुना २०१० च्या सुमारास थांबला.

राजदूत ३५० ची कथा तर विनोदीच आहे. यामाहाची आर डी ३५०, दोन सिलिंडरची, ती एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनविली. जगात नाव मिळवलेली वेगवान गाडी, पण आपल्या गिऱ्हाइकाने टाकीचे झाकण उघडून पहिला प्रश्न विचारला, "लिटरला किती देते?" उत्तर समाधानकारक नव्हते. सुटे भाग महाग. दशक संपता संपता ती बंद पडली. ज्यांनी घेतली होती त्यांतल्या पुष्कळांनी मिळेल त्या भावात काढून टाकली. आज तीच गाडी नीट अवस्थेत दिसली तर रस्त्यावर माणसे थांबतात. ती मिळत होती तेव्हा थांबली असती तर कारखाना चालता.

आणि आर एक्स १००. १९८५ साली ती आली, त्याच वर्षी हिरो होंडाची सी डी १०० आली. दोघी शंभराच्याच. एक काटकसरी, अबोल, फोर-स्ट्रोक. दुसरी ९८ सीसीच्या इंजिनातून अकरा अश्वशक्ती काढणारी टू-स्ट्रोक. त्या काळी पुण्यात लकडी पुलावर सिग्नल सुटला की कोणती पुढे निघे हे सांगावयास नको. पुढची पंचवीस वर्षे हिंदुस्थानचे रस्ते मात्र त्या काटकसरी घराण्याने व्यापले. पण सी डी १०० विकल्याबद्दल कोणी उसासा टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती चालली, झिजली, भंगारात गेली, आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी मिळाली.

ह्या फरकाचे मूळ थोडे यंत्रात आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या चार वेळा वरखाली होतो तेव्हा एकदा स्फोट होतो, म्हणजे दांड्याच्या दोन फेऱ्यांना एक. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक. म्हणून आकारमान तेच असता जोर अधिक, आणि आवाजही अखंड, चढत जाणारा. शिवाय तिच्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलविणारी साखळी नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोके दट्ट्याच उघडतो आणि झाकतो. हलणारे भाग मोजके. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून एखादा कारकून किंवा प्राध्यापक हेड उतरवी, काजळी खरवडी, प्लग घासून गॅप बघे आणि जेवणापूर्वी गाडी पुन्हा उभी करी. ह्या श्रमाचा परिणाम मोठा असतो. जी वस्तू आपण दहा वेळा उघडून जोडली तिच्याविषयी जे ज्ञान आपल्या बोटांत शिरते ते वस्तू गेल्यावरही बोटांतच राहते, आणि त्याला खर्च व्हावयास जागा उरत नाही. हळहळीचा एक भाग हाच, असे मला वाटते.

पण जे सोपे तेच घातक ठरले. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते आणि ढकलता ढकलता त्यातला काही भाग न जळताच बाहेर निसटतो. त्यातच पेट्रोलबरोबर ऑइल जळते, तो निळा धूर वेगळा. आपल्याकडे धुराचे नियम १९९१ साली आले, १९९६ साली आवळले गेले, २००० साली आणखी. म्हैसूरचा कारखाना १९९६ त बंद झाला. आर एक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. म्हैसूरच्या कारखान्याच्या इतरही अडचणी होत्या, सगळे पाप धुरावर घालता येणार नाही. नियम योग्यच होते. चौकात उभ्या राहणाऱ्या पोलिसाला विचारा. मुद्दा एवढाच, की ह्या गाड्या जुन्या होऊन मागे पडल्या नाहीत, त्यांच्या जातीचीच वाट बंद झाली. ज्याने १९९२ साली येझदी विकली तो मनात म्हणत होता, बघू, पुढे दुसरी घेऊ. ती 'दुसरी' चार वर्षांनी जगात उरली नाही.

२०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, २०२२ साली येझदीही. नव्या जावेची टाकी जुन्या वळणाची आहे, नळकांडी दोन आहेत. जुने मालक दुकानात गेले, हात फिरवला आणि परत आले. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे, आणि सुरू व्हावयाला बटण. गाडी चांगली आहे, माझ्या पुतण्याकडे आहे. पण शोक ज्याचा चालला होता ते तिच्यात नव्हते.

आता माणसाकडे वळू. कानमन, नेच आणि थेलर ह्या तिघांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग दिला आणि विचारले, किती मिळाले तर विकाल? उरलेल्यांना विचारले, किती देऊन घ्याल? घटकाभरापूर्वी हाती आलेल्या त्या मगाची किंमत मालकांनी गिऱ्हाइकांच्या दुपटीहून अधिक सांगितली. हाती आले की भाव चढतो. मग कोणी म्हणेल, असे असता माणसे फटफटी इतक्या स्वस्तात का विकतात? माझे उत्तर असे, की विकतेवेळी त्यांच्यासमोर फटफटी नसतेच. समोर असते बंद पडलेले, जागा अडविणारे, ऑइल गाळणारे एक लोखंड. शेजारी पाळणा हललेला असतो, नाहीतर घराच्या हप्त्याचा कागद असतो. भाव लोखंडाचा होतो. फटफटी नंतर आठवते.

पस्ताव्याविषयीही अभ्यास झालेला आहे. गिलोविच आणि मेडवेक ह्यांना १९९४ साली असे आढळले, की केलेल्या चुकीची बोच ताजेपणी अधिक असते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना माणसाला न केलेल्या गोष्टीच अधिक छळतात. फटफटी विकणे ही तर केलेली गोष्ट. मग ती तीस वर्षे का छळते? मी पुष्कळांना बोलते केले आहे, आणि मला दिसले ते असे, की "विकली" हा शब्द ते वापरतात खरा, पण त्यांच्या मनात असते "मग मी कधी लडाखला गेलोच नाही," "मग भावाला मागे बसवून कोकणात उतरलो नाही." विक्रीची तारीख ही त्या न झालेल्या प्रवासांची तारीख होऊन बसते. त्यात आणखी, साधारणपणे पंधरा ते तीस ह्या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत दाट राहतात हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हापुन्हा दाखविले आहे. आणि मध्यमवर्गीय तरुणाची फटफटी नेमकी त्याच वयातली.

तेव्हा त्या बाईंना काय सांगावे? पहिले हे, की जिन्याखाली ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, टाकी आतून गंजते, रिंगा सिलिंडरला धरतात, टायरांना भेगा पडतात. महिन्यातून एकदा तरी कोणी चालविणार नसेल तर ती रोज थोडी थोडी विकलीच जात असते, पैसे मिळत नाहीत एवढेच. दुसरे कागदांचे. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते; त्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज आहे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच पाच वर्षांनी नवी करावयाची आणि आपल्या राज्यात तेव्हा पर्यावरण करही भरावयाचा. आणि तिसरे, विकलीच तर २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर सही करून "बघून घ्या तुमचे तुम्ही" असे म्हणू नये. नोंदवहीत नाव ज्याचे, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. गाडी विकल्याचा हा दुसरा पस्तावा, आणि तो पहिल्यापेक्षा फार महाग पडतो. चौथे, घेणारा गाडी चालविणारा आहे की नुसता भाव वाढण्याची वाट बघणारा, एवढे विचारून घ्यावे. उत्तर त्याच्या नखांवरून कळते.

माझे स्वतःचे सांगावयाचे राहिले. १९८५ साली घेतलेली येझदी मी १९९४ साली फलटणकडच्या एका शेतकऱ्याला विकली. घरात दुसरे मूल यावयाचे होते, स्कूटर हवी होती. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला धरून नेऊन नाव बदलण्याचे कागद पुरे करावयास लावले, म्हणून घेणाऱ्याचा पत्ता माझ्यापाशी राहिला. २०२२ साली, निवृत्त झाल्यावर, मी तो पत्ता काढला आणि तिथे गेलो. खिशात चेकबुक होते.

गाडी गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. रंग दुसरा, सीट दुसरी, दुधाच्या किटल्या अडकवावयाला लोखंडी कड्या लावलेल्या. गृहस्थांनी ओळखले, बसावयाला सतरंजी टाकली. मी आडूनआडून विषय काढला. ते हसले. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं ती नऊ वर्सं होती. माझ्याकडं अठ्ठावीस झाली. आता कुणी कुणाला पैसं द्यायचं?" मला उत्तर सुचले नाही. मग तेच म्हणाले, "चालवून बघा की."

मी कार्ब्युरेटरवरचे बटण दाबले, पेट्रोल बोटाला लागले. दांडा आत दाबून वर फिरवला. पहिल्या दोन लाथा फुकट गेल्या. तेवढ्यात त्यांचा नातू पुढे झाला आणि म्हणाला, "आजोबा, तसं नाही, आधी हळू एकदा पाय फिरवून घ्या." मी त्याने सांगितले तसे केले, आणि ती सुरू झाली.