आईवरच्या दोन कविता

कवी यशवंत यांची ‘आई’ आणि माधव जूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ या कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत चालीवर म्हटल्या असतील. दोन्हींचं वृत्त एकच, दोन्हींत आई हरपलेली. मग फरक कोणता?

दोन्हींतली गाय पाहा. यशवंतांची गाय खरीच गोठ्यात उभी राहून वासराला चाटते. शाळेतून आल्यावर मिळणारा राखून ठेवलेला घास, तिन्हीसांजेचा दिवा, अशा घरातल्या साध्या गोष्टींतून त्यांची आई दिसते. माधव जूलियन मात्र आईलाच गाय म्हणतात, स्वतः वासरू होतात. ती यशोदा, आपण कान्हा. असं का? त्या कवितेतल्या मुलाला आईचा चेहराच आठवत नाही. आठवण नाही, म्हणून तो उपमांतून आई उभी करतो. पुढे विद्या, पैसा, मान सारं मिळालं, तरी पोरकेपण सरत नाही.

गुरुजी, वर्गात एखादं आईवेगळं पोर असतं. अर्थ सांगताना सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळू देऊ नका. पण चेहरा आठवत नसला तरी माया खरीच असते, एवढं त्याच्या कानी जरूर पडू द्या.