रस्त्याला दारे किती असावीत?

वाचकहो, हर्णेचा तांडेल आपली होडी वाटेल तिथून किनाऱ्याला घालीत नाही. खडक कुठे, पाणी उथळ कुठे, हे पाहूनच तो आत येतो. आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचे तर भरतीसाठी थांबतो. समुद्र एवढा अफाट, पण आत येण्याची वाट ठरलेली! रस्त्याचे मात्र आपण उलटे करतो. डांबर पडले की जो तो आपली वाट त्याला आणून भिडवतो. दुकानाची वेगळी, बागेची वेगळी, लॉजची तिसरीच. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागला, बर्फाचे टेंपो, रिक्षा आणि पाहुण्यांच्या मोटारी एकदम आल्या, म्हणजे या दारांची किंमत कळते.

थोडा हिशेब करू. साध्या दुपदरी चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, अशा 32 जागा असतात. तिठ्यावर 9. मध्ये दुभाजक घालून डावीकडूनच आत व डावीकडेच बाहेर अशी सोय केली, तर उरतात अवघ्या 2. उजवे वळण घातक, कारण त्यात समोरच्याच्या वाटेत आडवे जावे लागते. आणि ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर धावते. चालकाला धोका दिसल्यापासून ती थांबेपर्यंत सुमारे 80 मीटर जातात. चिऱ्याच्या गडग्याआडून वीस मीटरवर कोणी पुढे आला, तर बिचारा चालक करणार काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. त्याला दारे मोजकी. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना मज्जाव. अपघात तिथेही होतात, पण शेतातली वाट थेट येऊन मिळत नाही. गावच्या रस्त्याला असे कुलूप कसे लावणार? त्याच्यावरच तर आपले घर, शेत, शाळा! म्हणून दारे बंद करण्यापेक्षा ती एकत्र करावीत. शेजारच्या दोन वाड्यांच्या वाटा आतच जोडून एका तोंडाने बाहेर काढाव्यात. ते तोंड वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर नको, काटकोनात हवे. सुरुवातीचा तुकडा पक्का करून उतार आतल्या बाजूला द्यावा. नाहीतर पावसात तांबडी माती आणि खडी रस्त्यावर येते नि दुचाक्या घसरतात.

दुभाजक फोडून वाट काढणाऱ्याला आपण नावे ठेवतो. पण पलीकडच्या शेतावर जायला दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर दोष एकट्या त्याचा नव्हे. 1955 च्या आपल्या राज्याच्या महामार्ग अधिनियमात तरतूद आहे, की असलेली वाट वळवायची तर आधी दुसरी वाट दिली पाहिजे. रुंदीकरणाच्या वेळी ग्रामसभेने हे लेखी मागावे, आणि तेही आखणी चालू असतानाच.

गुरुजी, आपल्या शाळेचे फाटक एकदा पाहा. ते थेट हमरस्त्यावर उघडत असेल आणि बाजूला पाखाडी असेल, तर मुलांना त्या बाजूने सोडता येईल. गड्याला सांगून कोपऱ्यावरचे रान तेवढे काढून घ्या.