विजेच्या हुकमातला थेंब

तळेगाव दाभाडे ते चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत पॅकिंग लाइनच्या शेवटी बहुतेक वेळा एक छोटे यंत्र बसवलेले असते. बाटल्या, डबे, केबल, जे काही बनत असेल ते समोरून सरकत जाते आणि यंत्राचे तोंड मालाला न टेकता त्यावर तारीख आणि बॅच नंबर उमटतो. ती अक्षरे भिंगाखाली धरून पाहा. सुटेसुटे ठिपके दिसतील. शाईच्या एकेका थेंबाला वीज देऊन त्याच्या जागेवर नेऊन टाकलेले असते.

आत घडते ते असे. साधारण 60 मायक्रॉनच्या छिद्रातून शाईची धार दाबाने बाहेर पडते. कंप पावणारा स्फटिक त्या धारेचे सेकंदाला हजारो सारखे थेंब पाडतो. थेंब धारेपासून सुटतो नेमक्या त्याच क्षणी शेजारचा इलेक्ट्रोड त्याला हवा तेवढा विद्युतभार देतो. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना भार जितका जास्त, तितका थेंब बाजूला वळतो. भार न दिलेले थेंब सरळ एका नळीत पडतात आणि टाकीत परत जातात. म्हणजे बहुतांश शाई नुसतीच फिरत राहते, मालावर लागते ती थोडीच.

ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड स्वीट यांची. विद्युत संकेतांचे वेगवान आलेख कागदावर काढता यावेत म्हणून त्यांनी ती शोधली आणि 1965 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतील मॅक फुलवायलर यांनी शाईच्या जागी पेशी असलेला द्रव घेतला. प्रत्येक पेशीचे आकारमान आधी मोजायचे, ती ज्या थेंबात असेल त्यालाच भार द्यायचा आणि तो वेगळ्या नळीत वळवायचा. उंदराच्या आणि माणसाच्या मिसळलेल्या तांबड्या पेशी त्यांनी अशा वेगळ्या करून दाखवल्या. मग स्टॅनफर्डमध्येच लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने आकाराऐवजी चमकणाऱ्या रंगखुणांवरून पेशी निवडायला सुरुवात केली. आज रक्ताच्या कर्करोगावरचे आणि प्रतिकारशक्तीवरचे कितीतरी संशोधन अशा सेल सॉर्टरवर उभे आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही हे काम चालते. कारखान्यातला कोडिंगचा मिस्त्री आणि तिथला संशोधक एकाच तत्त्वाची यंत्रे चालवतात, ही गोष्ट आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत यायला हवी असे मला मनापासून वाटते.

हे झाले उडणारे थेंब. दुसरी रीत थेंबाला काचेवर चालवण्याची, आणि मला ती जास्त विलक्षण वाटते.

अळूच्या पानावर पाणी कसे गोळा होऊन राहते! पाणी न धरणारा थर दिलेल्या काचेवरही थेंब तसाच राहतो. त्या थराखालच्या इलेक्ट्रोडला व्होल्टेज दिले की थेंब खाली दबतो आणि पसरतो. व्होल्टेज एकाच बाजूच्या इलेक्ट्रोडला दिले तर थेंबाची तेवढीच कड पसरते आणि सगळा थेंब तिकडे ओढला जातो. मग पुढचा इलेक्ट्रोड चालू, मागचा बंद. पंप नाही, झडप नाही, नळी नाही.

वीज आणि पृष्ठताण यांचे नाते गॅब्रिएल लिपमन यांनी 1875 मध्ये पाऱ्यावर दाखवले होते. पाण्यावर ते नीट जमेना, कारण उघड्या धातूवर पाण्याचे विघटन होऊन बुडबुडे येतात. 1993 मध्ये फ्रान्सच्या ब्रुनो बर्ज यांनी मध्ये विद्युतरोधक पातळ थर घातला आणि वाट मोकळी झाली. सन 2000 मध्ये ड्यूक विद्यापीठातील पोलॅक, फेअर आणि शेंडेरोव्ह यांनी काचेवर 1.5 मिलिमीटर अंतराने सात इलेक्ट्रोड मांडले आणि 40 ते 80 व्होल्टवर मायक्रोलिटरभर थेंब सेकंदाला 3 सेंटिमीटर वेगाने पळवला.

मोजून थेंब काढणे तर आणखी सुंदर. साठ्यातून द्रवाची जीभ दोन-तीन इलेक्ट्रोडवर ओढून आणायची, मग मधला बंद करायचा. जीभ तिथे बारीक होत तुटते आणि टोकाला थेंब उरतो. त्याचे माप इलेक्ट्रोडचा आकार आणि थेंबाखालची व त्यावर झाकलेली अशा दोन काचांमधली फट ठरवते. 1.5 मिलिमीटरचा चौरस आणि 0.3 मिलिमीटरची फट धरली तर 0.7 मायक्रोलिटरच्या आसपास. पिपेट धरणाऱ्या हाताच्या सवयीचा इथे संबंधच उरत नाही.

याचा खरा उपयोग आजारी माणसाजवळ आहे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात 2013 पासून नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर टिपलेल्या रक्तावर इलेक्ट्रोडच्या अशा पट्टीने पोम्पे, गॉशे, फॅब्री यांसारख्या दुर्मीळ आजारांच्या चाचण्या झाल्या. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत 2016 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या गटाने बोटातल्या थेंबभर रक्तात गोवर आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासली. बाळाकडून रक्त घ्यायचेच किती, हा प्रश्न पडणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला हे तंत्र हवे आहे.

अडचण थेंब हलवण्यात नाही, थरात आहे. रक्तातली प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात आणि थेंब अडून बसतो. उघड्यावर तो पाहता पाहता सुकतो, म्हणून पुष्कळदा भोवती सिलिकॉन तेल भरावे लागते. थराला बारीकसे भोक पडले तरी पट्टी जळते. म्हणजे हे काम काच, लेप आणि सर्किट बोर्डाच्या कारागिरीचे आहे.

ही कारागिरी तळेगावला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून जमवलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये इथे काच कारखाना उभा राहिला. काच बनवणारी माणसे घडवणे हेही त्याचे काम होते. परदेशी माल विकत घेत राहण्यापेक्षा विद्या इथे आणावी, हा त्यामागचा आग्रह मला आज थेंबांच्या या यंत्रांबाबत धरावासा वाटतो.

आणि सुरुवात महाग नाही. टोरांटोच्याच प्रयोगशाळेने स्वयंपाकघरात अन्न झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म विद्युतरोधक म्हणून ताणून बसवली, वर पाणी न धरणारा लेप दिला आणि खाली साधा सर्किट बोर्ड ठेवला. तेवढ्यावर थेंब चालले. तळेगावातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असा बोर्ड पट्ट्यातच कुठेतरी करून मिळेल. काही शे व्होल्टचा एसी पुरवठा लागेल, आणि त्याचा करंट आधी मर्यादित करून घ्यायचा. पहिला थेंब मिठाच्या पाण्याचा चालेल. रक्ताचा पुढच्या वर्षी.