मुखपट्टी : कोणी, कोठे आणि कोणासाठी?

आमचे बाबा सदरमध्ये ऑटोरिक्षा चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे बाहेरच्या जगातली कोणतीही गोष्ट अडली, की ती माझ्यापुढे येते. मग ती विजेच्या बिलावरची इंग्रजी ओळ असो किंवा परदेशी पाहुण्याचे वागणे असो. हा लेख अशाच एका अडलेल्या गोष्टीतून जन्मला.

गेल्या वर्षीची अशोक विजयादशमी. त्या दिवसांत दीक्षाभूमीसाठी देशोदेशींचे लोक नागपुरात येतात. जपानी पाहुणे आपल्या शहराला नवे नाहीत. इंदोऱ्याच्या बुद्धविहारातले भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ साली नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या दानातून उभे राहिले. तेथेच जाण्यासाठी एक जपानी आजीबाई आपल्या सोबत्यासह बाबांच्या ऑटोत बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी पिशवीतून पांढरी मुखपट्टी काढली आणि तोंडावर चढवली.

रात्री बाबा जेवले नाहीत. आईने दोनदा विचारल्यावर म्हणाले, "मले पाहून तोंड झाकलं तिनं. एवढ्या दुरून बुद्धाच्या पाया पडाले आली, अन् माह्या गाडीत बसून नाक झाकते!"

मी गप्प राहिले. बाबांच्या बोलण्यातला सल एका दिवसाचा नव्हता. आपल्या समाजात दुसऱ्याला पाहून नाकाला पदर लावण्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पेशवाईच्या काळी पुण्यात अस्पृश्याला स्वतःच्या थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या भाषणात नमूद केले आहे. ज्यांच्या पूर्वजांचे तोंडच विटाळाचे ठरवले गेले, त्यांना समोरच्याने तोंड झाकलेले सहज कसे वाटावे?

पण मनात शंका आली. दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारले, "बाबा, त्या आजी खोकत होत्या का?" बाबा थोडे थांबले. म्हणाले, "हो वं, इंदोऱ्यापासून कामठीलोक खोकतच होती." मग मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. तेथे जे मिळाले ते, आणि आमच्या सरांनी समजावून दिलेले, येथे मांडते. उद्या आपल्यापैकी कोणाला परदेशी जाण्याचा योग आला, तर उपयोगी पडेल.

मुखपट्टीचा आधुनिक इतिहास आशियातच घडला. १९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली. तेथे धाडलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते हे मलायातील पेनांग येथे जन्मलेले चिनी. हा रोग श्वासावाटे पसरतो, असे त्यांनी ओळखले, आणि कापूस व जाळीदार कापड यांची पट्टी वापरण्याचा आग्रह धरला. मेनी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना एका चिनी तरुणाचे म्हणणे पटले नाही. ते पट्टी न लावता रोग्यांजवळ गेले, आणि जानेवारी १९११ मध्ये काही दिवसांतच त्याच प्लेगने दगावले. परमुलखात गेल्यावर तेथल्या जाणत्याचे ऐकावे, हा धडा इतक्या कठोरपणे क्वचितच कोणाला मिळाला असेल.

जपानात ही सवय १९१८ ते १९२० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत लोकांमध्ये पसरली. पुढे तिला आणखी एक कारण मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील डोंगरांवर सुगी नावाच्या, देवदारासारख्या दिसणाऱ्या झाडांची प्रचंड लागवड झाली. ती झाडे मोठी झाली आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांचे परागकण हवेत पसरू लागले. लाखो लोकांना शिंका येऊ लागल्या, नाके वाहू लागली. म्हणून तेथे वसंत ऋतूत निरोगी दिसणारा माणूसही पट्टी लावून हिंडतो. मात्र तिथल्या रिवाजाचे मूळ सूत्र असे : मला सर्दी आहे, ती तुम्हाला लागू नये. म्हणजे पट्टी स्वतःच्या आजाराला लावायची, दुसऱ्याच्या अंगाला नव्हे. बाबांनी जो अर्थ घेतला, त्याच्या नेमका उलट!

आता प्रवाशाने पाळायच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, कायदा आणि रिवाज यांतला भेद ओळखावा. कोरोनाच्या काळात आपल्याकडे मुखपट्टी हा दंडाचा विषय होता. महापालिकेचे उपद्रव शोध पथक चौकात उभे दिसले, की हनुवटीवरच्या पट्ट्या झरकन नाकावर चढत, हे सदरमधल्या कोणाला आठवत नाही? एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सक्ती उठली आणि पट्ट्याही गेल्या. जपानात सर्वसामान्य माणसाला दंडाची सक्ती कधी नव्हतीच, विनंती होती. १३ मार्च २०२३ पासून ती विनंतीही मागे घेऊन निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपवला गेला. तरीही तेथे पट्टी दिसते. कारण कायदा गेला तरी रिवाज राहतो. तेथे गेलेल्या प्रवाशाला कोणी हटकणार नाही. पण सर्दी-खोकला असताना उघड्या तोंडाने आगगाडीत बसणे चांगले दिसत नाही. दवाखान्यात तर पट्टी बरोबर असावीच, आणि दारावर सूचना लिहिली असेल तर ती पाळावी.

दुसरी गोष्ट, याच पट्टीचा अर्थ दुसऱ्या देशात वेगळा होतो. फ्रान्समध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी करणारा कायदा एप्रिल २०११ पासून लागू आहे. गंमत अशी, की मे २०२० मध्ये त्याच फ्रान्सने बस व आगगाडीत मुखपट्टी सक्तीची केली. दोन्ही एकाच वेळी कसे चालले? तर आरोग्यासाठी चेहरा झाकण्याची सूट त्या कायद्यातच आहे. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून अशीच बंदी आली आहे; तेथे आरोग्याबरोबर हवामानासाठीही सूट आहे. म्हणून आपण नागपूरकर मुली उन्हाळ्यात डोळे तेवढे उघडे ठेवून जो स्कार्फ गुंडाळतो, तो पॅरिसला जाताना घरीच ठेवलेला बरा. आजारपणाची साधी पट्टी मात्र चालते.

तिसरी गोष्ट ओळख पटवण्याची. विमानतळावर पासपोर्टवरील छायाचित्राशी चेहरा ताडून पाहतात. तेथे सांगण्याची वाट न पाहता पट्टी खाली करावी आणि काम झाल्यावर पुन्हा चढवावी. यात अपमान मानू नये. तसेच ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखणारा कर्णबधिर माणूस समोर असेल, तर थोडे दूर उभे राहून पट्टी काढून बोलावे. शिष्टाचार म्हणजे डोळे मिटून नियम पाळणे नव्हे, समोरच्याची अडचण ओळखणे होय.

चौथी गोष्ट पट्टीच्या जातीची. कापडी किंवा दवाखान्यातली निळी पट्टी आपल्या तोंडचे तुषार अडवते. एन-९५ बारीक कणही अडवते, म्हणून ती घालणाऱ्यालाही राखते. परंतु पुढे बटणासारखी झडप असलेली एन-९५ आपला उच्छ्वास न गाळता बाहेर सोडते. ती घालणारा स्वतः सुरक्षित आणि शेजारी उघड्यावर! आपल्या केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये अशा झडपेच्या पट्ट्यांविरुद्ध राज्यांना सावध केले होते. सर्दी झालेल्या प्रवाशाने ती वापरणे म्हणजे शिष्टाचाराचे सोंग झाले.

पाचवी आणि शेवटची, वापरलेली पट्टी. खानावळीत ती टेबलावर पसरून ठेवू नये. घडी करून पाकिटात ठेवावी. जपानात रस्त्यावर कचराकुंड्या फार थोड्या असतात. आपला कचरा आपणच घरी न्यायचा, अशी तेथली शिस्त. कोरोनाच्या दिवसांत आपल्या नाल्यांत तरंगणाऱ्या पट्ट्या आठवल्या, की ही शिस्त परदेशापुरती ठेवू नये असे वाटते.

हे सारे वाचताना मला माझाच स्कार्फ आठवला. मंगळवारी बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी मला एकदा म्हणाली होती, "पोरी, तोंड तं दाखव, कोनाची हायेस ते कळू दे." तेव्हा मला राग आला होता. आता वाटते, ती काय चूक होती? तिच्यासाठी चेहरा म्हणजे ओळख. आता भाव करण्याआधी मी स्कार्फ हनुवटीखाली घेते. मीही तर रोज कोणाच्या ना कोणाच्या मुलखात पाहुणीच असते.

बाबांना मी हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण लगेच मान डोलावली नाही. "त्या बाईचं खरं असन," ते म्हणाले, "पन मले जे वाटलं तेबी खोटं नोहोतं." मला दोन्ही पटले. झाकलेल्या तोंडाचा अर्थ झाकणाऱ्याच्या मनात एक असतो आणि पाहणाऱ्याच्या आठवणीत दुसराच. आजीबाईंनी खोकल्याकडे बोट दाखवून एकदा मान लववली असती, तर बाबा त्या रात्री जेवले असते. पट्टी लावण्याबरोबर ती का लावली हे खुणेने तरी सांगावे, ही सहावी गोष्ट मला बाबांनी शिकवली.

या हिवाळ्यात बाबांना सर्दी झाली. सकाळी निघताना त्यांनी आईकडे कोरोनाच्या वेळची उरलेली पट्टी मागितली. संध्याकाळी घरी आल्यावर सांगत होते, कडबी चौकात एक गिऱ्हाईक जरा मागे सरकून म्हणाले, "काय रोग झाला काय?"

"मग तुम्ही काय म्हणाले, बाबा?"

"म्हनलं, मले साधी सर्दी हाय साहेब. तुमाले होऊ नये म्हनून बांधलं."

ते गिऱ्हाईक ऑटोत बसले.