गरीब कोणाला म्हणावे?

सुरतच्या लिंबायत भागात खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. माझे मामा तेथेच राहतात. शिंदखेडा तालुक्यातली कोरडवाहू जमीन पुरेना, म्हणून ते ताप्ती लाईनच्या गाडीने सुरतेला आले आणि यंत्रमागावर लागले. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. खोली भाड्याची, पण सिमेंटची. वर पंखा, कोपऱ्यात टी. व्ही.

गेल्या सुटीत मी त्यांना विचारले, "मामा, तुमचे नाव गरिबांच्या यादीत आहे का?" ते हसले. "गावात यादी झाली तेव्हा घराला कुलूप होते. इथे म्हणतात, तुम्ही गावचे."

अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण दारिद्र्यरेषा शिकतो. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दरडोई रोज २२५० कॅलरींचा हिशेब मांडला. २००९ साली तेंडुलकर समितीने नवी रेषा सुचवली. परंतु रेषा गरीब किती हे सांगते, कोण हे सांगत नाही. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचे उत्पन्न कोणत्या कागदावरून काढणार? म्हणून सरकार दिसणाऱ्या खुणा पाहते. २००२ साली खेड्यांत १३ प्रश्न विचारले. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. २०११ च्या पाहणीत खेड्यांतल्या ज्या घरी फ्रीज किंवा तारेचा टेलिफोन, ते घर बाद ठरले.

यात दोन चुका संभवतात. खरा गरीब गळतो, किंवा सुखवस्तू माणूस शिरतो. निकष कडक केले की पहिली चूक वाढते, सैल केले की दुसरी. शहरात तर खुणाच फसव्या. मामांची भिंत पक्की आहे, पण ती घरमालकाची! म्हणूनच हाशिम समितीने २०१२ साली शहरांसाठी निवारा, सामाजिक स्थिती आणि रोजगार या तिन्ही बाजूंनी पाहावे, असे सुचवले.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने यादी रुंदावली. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे गावच्या कार्डावर सुरतेत धान्य घेता येते. पण मुळात यादीत नाव तर हवे! मामांचे अजून नाही.

मला वाटते, यादी चौकात लावावी, तिच्यावर हरकत घेता यावी आणि नाव घालण्याची सोय बारमाही असावी. अर्ज भरून देण्याचे काम तर आपण विद्यार्थीही करू शकतो. मामांचा अर्ज मी सुरत सोडण्यापूर्वीच भरून ठेवला आहे.