पोटदुखी फक्त पीटीच्या दिवशी

पाचवीतली मुलगी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दप्तर भरताना बेंबीभोवती दुखायला लागते, कधी मळमळते. बाकीचे दिवस ठणठणीत. आई तिला सरकारी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत घेऊन आली तेव्हा फाइलमध्ये लघवीचा रिपोर्ट होता, सोनोग्राफी होती, जंताची गोळीही देऊन झाली होती. सगळे नॉर्मल. डॉक्टरांनी विचारले, 'मंगळवारी-शुक्रवारी शाळेत काय असतं गं?' मुलगी खाली बघत राहिली. आईच म्हणाली, 'पीटी असते. डॉक्टर, तेवढं पीटीतून सूट मिळायचं सर्टिफिकेट द्या ना.'

बालरोग ओपीडीला हा प्रसंग नवा नाही. कधी मुलगी असते, कधी मुलगा. वार तेवढे बदलतात.

ही पोटदुखी नाटक नसते. आतड्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते आणि कळ खरीखुरी येते. (रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, घटणारे वजन, ताप, शौचातून रक्त किंवा सततच्या उलट्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे तपासण्या व्हायलाच हव्यात.) पण खेळाच्या तासाची एवढी भीती का वाटावी? घरातले लोक 'आळशी आहे' म्हणतात, नाहीतर मोबाइलवर खापर फोडतात. खरे कारण पुष्कळदा साधे असते. तिला चेंडू झेलता येत नाही. येत नाही हे तिला ठाऊक आहे आणि वर्गालाही ठाऊक आहे.

चालायला मूल आपले आपण शिकते. फेकणे, झेलणे, लंगडी घालणे, उडी मारून तोल सावरणे, टप्पा पडलेला चेंडू बॅटने मारणे ही कौशल्ये मात्र नुसत्या वयाने येत नाहीत. फेकणेच घ्या. तीन वर्षांचे मूल दोन्ही पाय जागच्या जागी ठेवून कोपरातून हात झटकते. पुढे ते एक पाय पुढे टाकू लागते, पण ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा. पक्क्या फेकीत उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडतो, आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. झेलताना लहान मूल तोंड फिरवते, डोळे मिटते आणि चेंडू छातीशी कवटाळते. नजर चेंडूवर ठेवून नुसत्या हातांनी झेलणे फार पुढची पायरी आहे, आणि तिथवर पोचायला शेकडो चेंडू हातून सुटावे लागतात. ज्याच्या हातात चेंडूच आला नाही, ते मूल अकराव्या वर्षीही पाच वर्षांच्या मुलासारखेच झेलते. त्यात त्याचा दोष काय?

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले डेल उलरिक यांनी या कौशल्यांसाठी तयार केलेली चाचणी जगभर वापरली जाते. तिच्या २००० सालच्या आवृत्तीत १२ कौशल्ये आहेत, सहा धावण्या-उड्या मारण्याची आणि सहा चेंडूची. चेंडू किती लांब गेला याला त्यात महत्त्व नाही, कसा फेकला ते बघतात. आपल्याकडे शाळेच्या वहीत सहसा सेकंद आणि मीटरच उतरतात.

आता यातली मनाची बाजू. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, 'सगळ्यात जोरात कोण पळतं?' ते बिनदिक्कत 'मी' म्हणेल. या वयात कष्ट आणि कौशल्य यांतला फरक मुलांना नीटसा कळत नसतो. खूप पळालो म्हणजे छान पळालो, असा हिशेब. आठव्या-नवव्या वर्षापासून मूल शेजारच्याकडे बघू लागते आणि त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज हळूहळू खरा होत जातो. डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर एक मांडणी केली. ज्याला हालचाली जमतात ते मूल जास्त खेळते, खेळून ते आणखी तरबेज होते. ज्याला जमत नाहीत ते बाजूला होते, सराव तुटतो आणि अंतर वाढत जाते. पुढच्या संशोधनात या साखळीचा प्रत्येक दुवा सारखाच पक्का निघाला नाही, पण ओपीडीत दिसणारे चित्र तिच्याशी बरेच जुळते. पहिली ते चौथीची वर्षे म्हणूनच मोलाची आहेत. तेव्हा न जमण्याची लाज अजून आलेली नसते.

गल्लीतल्या खेळांना हे शास्त्र न वाचताच कळले होते. लगोरी किंवा लंगडी खेळताना धाकटे भावंड मागे लागले की त्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेत. तो पळायचा, धरायचा, पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि तो बाद होत नसे. दोन-तीन वर्षांत तो नकळत पक्का भिडू व्हायचा. चुकण्याची अशी मुभा शाळेच्या तासाला बहुधा नसते.

पन्नास मुले आणि दोन चेंडू घेऊन तास सुरू होतो. दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात आणि शेवटी कोण उरते ते सगळा वर्ग बघतो. संगीत खुर्चीसारख्या खेळात पहिल्या मिनिटाला बाद होते ते मूल, ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे; उरलेला वेळ ते पायरीवर बसून टाळ्या वाजवते. गृहपाठ विसरला म्हणून मैदानाला चार फेऱ्या, बोलला म्हणून वीस उठाबशा. धावणे ही शिक्षा आहे हे असे मनावर बिंबवल्यावर त्याच मुलाने धावण्यावर प्रेम करावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

शिक्षकांची बाजूही आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, १००हून अधिक मुले असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही. म्हणजे पाया घडतो त्या वर्षांत पीटी वर्गशिक्षकाकडेच. शिवाय परीक्षा जवळ आली की गणितासाठी पहिला बळी याच तासाचा जातो.

काय केले तर मुले खेळात टिकतात? रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणसाला तीन गोष्टी लागतात: थोडे तरी आपल्या मनाने ठरवता यावे, जमते आहे असे वाटावे आणि आपण या लोकांतले आहोत असे वाटावे. मैदानावर याचा अर्थ फार खर्चिक नाही. भिंतीपासून तीन खडूच्या रेघा आखायच्या आणि कोणत्या रेघेवरून फेकायचे ते मुलाने ठरवायचे. टेनिस बॉलऐवजी आधी मोठा, मऊ चेंडू द्यायचा. नसेल तर जुने मोजे गुंडाळून बांधायचे. पन्नास मुलांसाठी पंचवीस मोज्यांचे चेंडू कुठल्याही शाळेला परवडतात. गेल्या आठवड्यात दहातले तीन झेलले, आज पाच, एवढीच नोंद. शेजारच्याने किती झेलले ते विचारायचे नाही. 'नीट फेक' यापेक्षा 'डावा पाय पुढे टाक' हे शंभर पटींनी उपयोगी. मात्र 'घ्या बॉल आणि खेळा' म्हणून सावलीत बसणे म्हणजे मुलांना मोकळीक देणे नव्हे. तेव्हा चेंडू चार जणांतच फिरतो.

मुलींची गळती अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नव्हती, मुलींमध्ये ८५ टक्के आणि मुलांमध्ये ७८. शिफारस आहे रोज सरासरी ६० मिनिटांची. पाळी सुरू होते, ओढणी सांभाळत पळावे लागते, मुले बघत असतात, आणि मुलगी कायमची पायरीवर बसते. वेगळी चड्डी-टीशर्ट आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

मुलाला 'ढिला' म्हणण्याआधी डॉक्टरांनी तीन गोष्टी बघाव्यात. चष्म्याचा नंबर आहे का. लांबचा चेंडू धूसर दिसत असेल तर झेलणार कसा? हिमोग्लोबिन किती आहे. ५ ते ११ वर्षे वयात ११.५ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. आणि पळाल्यावर खोकला किंवा धाप लागते का. दमा नीट आटोक्यात ठेवला तर त्यातली बहुतेक मुले खेळू शकतात. शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्क्यांना हालचालींच्या समन्वयाचाच विकार असतो. त्यांना बटणे लावणे, बुटाची नाडी बांधणे, अक्षर काढणे हेही जड जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते.

पाचवीतल्या मुलीचे यातले काहीच निघाले नाही. सुटीचे सर्टिफिकेट लिहायला दोन मिनिटे लागली असती, पण ज्या गोष्टीची तिला गरज होती तिच्यातूनच ती सुटली असती. डॉक्टरांनी त्याऐवजी पीटीच्या सरांना चिठ्ठी लिहिली: पूर्ण तास भाग घेऊ द्यावा, दोन महिने मोठा मऊ चेंडू द्यावा, सगळ्यांसमोर एकटीला झेलायला लावू नये, बाद होणाऱ्या खेळात कच्चा लिंबू धरावे. आणि घरी रोज दहा मिनिटे वडिलांनी ओट्यावर तिच्याशी मोज्यांचा चेंडू खेळावा.

आई म्हणाली, 'सर ऐकतील का?'

सरांनी निम्मे ऐकले. सव्वा महिन्याने सर्दीसाठी आली तेव्हा मंगळवारची पोटदुखी थांबली होती. शुक्रवारची अजून आहे. शुक्रवारी खो-खो असतो, आणि हुलकावणी द्यायला तिला अजून कोणी शिकवलेले नाही.