पत्ता वाचा, दावा सोडा

जुन्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर ‘येथें उत्तम चहा मिळेल’ अशी विटलेली अक्षरं दिसली, तर चहा खरंच उत्तम होता का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण ‘येथें’वरचा अनुस्वार काही सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. अर्थात, नियम आला म्हणून पेंटरच्या हाताचं वळण दुसऱ्या दिवशी बदलत नाही. एकट्या अनुस्वारावर साल ठरवता येत नाही. शेजारी आणखी काय लिहिलंय ते बघावं लागतं.

भिंतीवरच्या जाहिरातीत कंपनी जे ठासून सांगते, ते इतिहासाच्या फारसं कामाचं नसतं. कामाचा असतो तो कोपऱ्यातला बारीक मजकूर: भाव, पत्ता, फोन नंबर. त्यात शेखी मिरवायला जागाच नसते.

भावाचंच घ्या. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. आणे त्यानंतरही लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून ‘४ आणे’ लिहिलेली पाटी त्याआधीचीच असेल असं नाही. ‘नवे पैसे’ मात्र नेमके सापडतात, कारण ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळला. म्हणजे ‘२५ नवे पैसे’ ही किंमत बहुधा साधारण सात वर्षांच्या पट्ट्यात बसते. पत्त्याचंही तसंच. गिरगावचा पत्ता पूर्वी ‘मुंबई ४’ असा संपे आणि दादर पश्चिमेचा ‘मुंबई २८’. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि त्यांचे ४००००४ व ४०००२८ झाले. जुना आकडा पुढेही अनेकांनी चालू ठेवला. पण ज्या पाटीवर सहा आकडी पिन आहे, ती १९७२ च्या आधीची असूच शकत नाही. पाट्या वाचताना हा भेद सोडू नये. नवी गोष्ट दिसली की खात्री मिळते, जुनी दिसली की नुसती शक्यता.

कायद्यांचाही माग लागतो. तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींवरची बंदी १ मे २००४ पासून लागू झाली. रस्त्याकडेच्या घरांवर अजून टिकून असलेल्या विडी-जर्द्याच्या जाहिराती बहुतेक त्याआधीच्या. संभाजी बिडीचं नावही विरोधानंतर बदलून साबळे बिडी झालं, ते २०२१ च्या सुमारास. जुनं नाव पाकिटावरून गेलं तरी भिंतीवर राहिलेलं असतं.

ही अक्षरं टिकतात कशी, याचं उत्तर रंगाच्या डब्यात आहे. जाहिरात रंगवण्याचं काम दोन जणांचं. आधी चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा पांढरा पट्टा मारायचा. तो वाळला की गेरूत माखलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून ओढून सोडायची. फटक्यासरशी भिंतीवर सरळ लाल रेघ उठते. शिरोरेषा तिच्यावरून जाते. मग खडूने अक्षरांचा अंदाज घ्यायचा आणि चपट्या ब्रशने ऑइल पेंट भरायचा. धावत्या एसटीतून वाचता यावीत, इतकी अक्षरं मोठी. बोधचिन्ह हुबेहूब हवं असेल तर खाका: कागदावर चित्र काढून त्याच्या रेषांवर टोचे मारायचे, कागद भिंतीला लावायचा आणि गेरूची पुरचुंडी त्यावर आपटायची.

पुढचं काम ऊनपावसाचं. बरेचसे स्वस्त लाल-पिवळे रंग उन्हात उडतात. काळा रंग काजळीचा, तो उन्हाला दाद देत नाही. चुना आणि डिस्टेंपर पावसात सुटत जातात, पण तेलाचा रंग भिंतीला धरून राहतो. त्यामुळे जुन्या ऑइल पेंटवर कुणी डिस्टेंपर मारून नवी जाहिरात काढली असेल, तर काही पावसाळ्यांनी नवी गळते आणि खालची जुनी वर येते. मग एकाच भिंतीवर साबण आणि पंप एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांचा क्रम लावायचा तर एका अक्षराची कड दुसऱ्याच्या वरून जाते की खालून, ते जवळ जाऊन बघायचं.

भिंतीचं तोंड कुठे आहे, हाही पुरावाच. जाहिरात वर्दळीकडे बघते. आज ती शेताकडे किंवा बोळाकडे बघत असेल, तर कधीकाळी रहदारी तिथून जात होती का, हे गावात विचारावं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्याची बरीचशी रहदारी तिकडे वळली. जुन्या रस्त्याच्या भिंतींसमोरचा वाचक त्या वेळी पांगला.

सरकारही भिंतीवर लिहायचं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगाव पोचला तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून. हिवताप निर्मूलनाच्या फवारणीची पथकं घराच्या भिंतीवर डीडीटी मारल्याची नोंद करून जात, तीही तारखेसह. जाहिरातीचं साल ताडावं लागतं. इथे ते आयतं मिळतं. अशी नोंद जाहिरातीच्या रंगावर पडलेली असेल, तर ती जाहिरात त्या तारखेच्या आधीची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

फ्लेक्स आल्यावर हे सगळं मागे पडलं. फ्लेक्स स्वस्त आहे, झटपट होतो आणि उतरवला की संपतो. त्याच्या खाली जुना थर उरत नाही. पण मोठा फरक मजकुरात पडला. जुन्या पाटीवर ‘फोन ४२’ असेल, तर त्या गावच्या एक्स्चेंजला तेव्हा दोन आकडे पुरत होते, म्हणजे फोन शंभराच्या आतच होते. आजच्या बोर्डावर दहा आकडी मोबाइल नंबर असतो आणि त्यावरून गावसुद्धा कळत नाही. म्हणून रंगकाम निघण्याआधी आपल्या गावातल्या भिंतीचा फोटो काढून ठेवावा, आणि काढताना चित्रापेक्षा कोपऱ्यातला बारीक मजकूर स्पष्ट आलाय ना, ते तपासावं.